मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम बोन ग्राफ्ट कितपत भरवशाचा?

आपला प्रश्न असा आहे. आईंचे वय ६२, कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलेला, थोडे चालले की दोन्ही पायांत कळा आणि जडपणा, शिवाय बारा वर्षांचा मधुमेह. सर्जननी नसांवरचा दाब काढून, स्क्रू आणि रॉड बसवून ते दोन मणके एकमेकांना जोडण्याचा सल्ला दिला आहे आणि खुब्याच्या वरच्या हाडातून ग्राफ्ट, म्हणजे मणक्यांमध्ये भरायचे हाड, काढण्याऐवजी कृत्रिम ग्राफ्ट वापरू, असे म्हटले आहे. हे कृत्रिम हाड पुढे खरे हाड होते का, शरीर ते नाकारते का आणि ते स्वतःच्या हाडाइतके भरवशाचे आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

आधी थोडक्यात सांगतो. एकाच पातळीची, म्हणजे मणक्यांच्या एकाच जोडीची शस्त्रक्रिया असेल आणि कृत्रिम ग्राफ्ट आईंच्याच हाडाच्या तुकड्यांत मिसळून वापरला जाणार असेल, तर हा पर्याय वाजवी आणि रूढ आहे. तो एकटाच, मणक्यांच्या मागच्या बाजूला, मधुमेही रुग्णात वापरला जाणार असेल, तर मात्र मी सर्जनना आणखी दोन-चार प्रश्न विचारीन. ते कोणते आणि का, हे समजण्यासाठी थोडे मुळातून पाहावे लागेल.

फ्युजन म्हणजे दोन मणक्यांमधली हालचाल कायमची बंद व्हावी म्हणून त्यांच्यामध्ये अखंड हाड वाढवणे. स्क्रू आणि रॉड हे काम करत नाहीत. ते काही महिने मणके स्थिर धरून ठेवतात, एवढेच. हाड जुळले नाही, तर दररोज हजारो वेळा वाकणारा धातू आज ना उद्या थकतो. मग स्क्रू सैल होतो किंवा रॉड तुटतो. ही शस्त्रक्रिया सुरू झाली तेव्हा धातू नव्हताच. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोन सर्जननी स्वतंत्रपणे मणके जोडले, तेही मुख्यतः क्षयाने पोखरलेले. हिब्ज यांनी मणक्याच्याच मागच्या भागातले हाडाचे पापुद्रे उलटवून वापरले, तर अल्बी यांनी नडगीच्या हाडाची पट्टी काढून बसवली. म्हणजे ग्राफ्ट कुठून आणायचा हा प्रश्न या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे. याच अल्बी यांनी १९२० मध्ये कॅल्शियम फॉस्फेटने हाडवाढीला चालना मिळते का, याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्यामुळे कृत्रिम ग्राफ्टची कल्पना कोणी नुकतीच काढलेली नाही.

हाड जुळायला तीन गोष्टी लागतात: हाड घडवणाऱ्या जिवंत पेशी, त्या पेशींना कामाला लावणारा जैविक संकेत आणि नव्या हाडाला ज्यावरून सरकत जाता येईल अशी चौकट. रुग्णाच्या स्वतःच्या हाडात या तिन्ही गोष्टी असतात, म्हणून आजही तुलना त्याच्याशीच केली जाते. बहुतेक कृत्रिम ग्राफ्टमध्ये यांपैकी फक्त तिसरी असते. चौकट कितीही सुबक असली, तरी तिच्यात शिरणाऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्या आईंच्याच शरीरातून यायच्या आहेत. एखाद्या उत्पादनाची जाहिरात याहून अधिक काही सुचवत असेल, तर ती सावधपणे वाचावी.

मग खुब्याच्या वरच्या कडेतून हाड का काढू नये? वेगळा छेद, थोडा जास्त रक्तस्राव, क्वचित जंतुसंसर्ग किंवा त्वचेची नस दुखावली जाणे आणि काहींना दीर्घकाळ राहणारी वेदना, ही नेहमीची कारणे दिली जातात. ती खरी आहेत, पण वेदनेचा मुद्दा काहीसा वाढवून सांगितला जातो असे माझे मत आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमरेचे मणके जोडलेल्या रुग्णांच्या खुब्याच्या कडेवर दाबून वेदनेची नोंद घेण्यात आली, आणि जिथून हाड काढले होते व जिथून काढले नव्हते अशा रुग्णांमध्ये फारसा फरक आढळला नाही. कमरेची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्या भागात दुखतेच, आणि त्याचे खापर ग्राफ्टच्या जागेवर फुटते. माझ्या दृष्टीने अडचण वेगळी आहे. वय वाढलेल्या, हाडे विरळ झालेल्या स्त्रियांमध्ये त्या कडेतून मिळणारे हाड पुरेसे नसते आणि त्याचा कसही कमी झालेला असतो.

दात्याच्या हाडाचाही पर्याय असतो. त्याची चाचणी आणि प्रक्रिया काटेकोर असते, तरी धोका शून्य होत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या, जिवंत पेशी राखलेल्या हाडापासून तयार केलेले उत्पादन ११३ रुग्णांत वापरले गेले आणि त्यात क्षयाचे जंतू होते असे नंतर उघड झाले. संपूर्ण कृत्रिम पदार्थात दात्याचा रोग येण्याचा प्रश्नच नसतो, हा त्याचा मोठा गुण आहे, आणि तो मी कमी लेखणार नाही.

आता पदार्थांकडे येऊ. 'कृत्रिम हाड' म्हणून जे वापरले जाते, त्यातला मोठा भाग कॅल्शियम फॉस्फेटच्या सिरॅमिकचा असतो, कारण नैसर्गिक हाडाचे खनिज त्याच कुळातले आहे. त्यात दोन मुख्य घटक आहेत: हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. पहिल्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण १.६७ असते, दुसऱ्यात १.५. आकड्यांतला हा फरक किरकोळ वाटतो, पण शरीरात दोघांचे वागणे अगदी वेगळे असते. हायड्रॉक्सीॲपेटाइट जवळजवळ विरघळतच नाही. वर्षानुवर्षे तो जिथे ठेवला तिथेच दिसतो. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मात्र सहा महिने ते दीड वर्षात बऱ्याच अंशी नाहीसा होतो, काही प्रमाणात विरघळून आणि काही प्रमाणात हाड खाणाऱ्या पेशींच्या कामामुळे.

हा वेग इतका महत्त्वाचा का, हे स्लॅबच्या सेंटरिंगवरून समजेल. काँक्रीट पक्के होण्याआधी सेंटरिंग काढले तर स्लॅब खाली येतो, आणि ते आतच अडकून राहिले तर तिथे काँक्रीट कधी भरलेच जात नाही. ग्राफ्टही नवे हाड जसे येईल तसा मागे हटायला हवा. फार लवकर गेला तर जागा तंतुमय ऊतीने भरते, फार उशिरापर्यंत राहिला तर जिथे हाड यायचे तिथे सिरॅमिकचे कण ठाण मांडून बसतात. म्हणून दोन्ही एकत्र करून द्विअवस्था मिश्रणे बनवली जातात, म्हणजे एक भाग लवकर जागा मोकळी करतो आणि दुसरा आकार टिकवून धरतो. प्रमाण उत्पादनागणिक बदलते. मी स्वतः कोणत्याही एका प्रमाणाचा कट्टर पुरस्कर्ता नाही. पाठीच्या मागच्या बाजूला, जिथे हाड यायला वेळ लागतो, तिथे निव्वळ लवकर विरघळणारा पदार्थ मला पुरेसा वाटत नाही, इतकेच.

रसायनाइतकीच रचनाही महत्त्वाची आहे, आणि माझ्या अनुभवात ती जास्त दुर्लक्षित राहते. कणांमधली छिद्रे साधारण १०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठी असली तर हाड आत शिरते, आणि ३०० मायक्रॉनच्या आसपास असली तर रक्तवाहिन्या सहज वाढतात. पण छिद्रे नुसती असून भागत नाही, ती एकमेकांना जोडलेली हवीत. बंद कप्प्यांत काहीच शिरत नाही. दुसरीकडे, जितकी पोकळी जास्त तितका पदार्थ ठिसूळ. त्यामुळे हे सिरॅमिक भार पेलण्यासाठी नसतेच. भार पेलायचा तो स्क्रू, रॉड आणि केजने, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीच्या जागी बसवायच्या पोकळ पेटीने. काही उत्पादनांत पृष्ठभागावर मायक्रॉनहूनही लहान खडबडीतपणा मुद्दाम ठेवलेला असतो, काहींत थोडे सिलिकॉन मिसळलेले असते. प्राण्यांमधल्या प्रयोगांत या बदलांचे परिणाम उत्साहवर्धक दिसतात, पण प्राण्यात जे दिसते ते मधुमेही माणसाच्या कमरेत तसेच घडेल असे मी गृहीत धरत नाही. शिवाय हातातली सवयही आहेच. कण केजमध्ये दाबून दाबून ठासले, की छिद्रे चिरडली जातात आणि रक्ताला वाट राहत नाही. आणि ते शेवटच्या धुण्याआधी ठेवले, तर सलाइनच्या धारेबरोबर वाहून जातात.

प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, हा यातला सर्वांत जुना पदार्थ. हाडातल्या पोकळ्या भरण्यासाठी १८९२ मध्ये ड्रीसमान यांनी तो वापरल्याची नोंद आहे. तो काही आठवड्यांतच विरघळतो, त्यामुळे मणके जोडण्यासाठी एकटा उपयोगाचा नाही. जंतुसंसर्गाच्या जागी प्रतिजैविक सोडण्यासाठी मात्र तो चांगला आहे, फक्त जखमेतून काही दिवस पाणी पाझरू शकते. जैवसक्रिय काच १९६९ मध्ये लॅरी हेंच यांनी फ्लोरिडा विद्यापीठात बनवली. शरीरातील द्रवात तिच्या पृष्ठभागावर हाडाच्या खनिजासारखा थर तयार होतो आणि हाड तिला घट्ट चिकटते. मणक्यांच्या शस्त्रक्रियेत ती बहुधा कणांच्या किंवा लगद्याच्या रूपात, इतर ग्राफ्टला जोड म्हणून येते.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण बोलताना सगळेच 'कृत्रिम' या एका शब्दात बसवले जाते. हाड घडवण्याचा संकेत देणारी प्रथिने हा वेगळा वर्ग आहे. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले, की खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तरी तिथे नवे हाड तयार होते. त्या शोधातून पुढे बीएमपी-२ हे प्रथिन प्रयोगशाळेत बनवले गेले आणि २००२ मध्ये अमेरिकेत कमरेच्या एका पातळीच्या, पोटाच्या बाजूने केल्या जाणाऱ्या फ्युजनसाठी त्याला मान्यता मिळाली. ते खरोखर ताकदवान आहे, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. मानेच्या शस्त्रक्रियेत त्याने श्वसनमार्गाभोवती धोकादायक सूज येऊ शकते, म्हणून २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. २०११ मध्ये तर सुरुवातीच्या अभ्यासांत दुष्परिणाम कमी दाखवले गेल्याची जाहीर टीका झाली. नको तिथे हाड येणे, नसेला दाह होणे, आजूबाजूचे हाड काही काळ विरघळणे, हे सगळे त्यात घडू शकते. आपल्या सर्जननी 'कृत्रिम ग्राफ्ट' म्हटले, तेव्हा त्यांना सिरॅमिक अभिप्रेत होते की हे प्रथिन, एवढे जरूर विचारून घ्यावे. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे, काही सिरॅमिक उत्पादनांत कण एकत्र धरून ठेवण्यासाठी गाईपासून मिळवलेले कोलॅजन असते. धार्मिक कारणाने किंवा ॲलर्जीमुळे ज्यांना हे महत्त्वाचे आहे, त्यांनी आधीच सांगितलेले बरे.

नाकारण्याबद्दल आपण विचारले आहे. मूत्रपिंड किंवा यकृत नाकारले जाते त्या अर्थाने शरीर सिरॅमिक नाकारत नाही, कारण त्यात परक्या पेशीच नसतात. वाईटात वाईट म्हणजे शरीर त्याच्याकडे दुर्लक्ष करते: कणांभोवती तंतुमय वेष्टन तयार होते आणि हाड येत नाही. संसर्ग झाला, तर मात्र हे कण जंतूंना लपायला जागा देऊ शकतात.

ग्राफ्ट कुठे ठेवला जातो, यावर निकाल फार अवलंबून असतो. शरीराच्या वजनाचा सुमारे ८० टक्के भार मणक्यांच्या पुढच्या भागातून, म्हणजे मणका आणि चकतीतून जातो. चकती काढून तिथे केज बसवला, तर ग्राफ्टवर सतत दाब येतो, दोन्ही बाजूंना रक्ताने भरलेले हाड असते आणि ओलांडायचे अंतर काही मिलिमीटरचे असते. दाबाखाली हाड वाढते, हे तत्त्व इथे आपल्या बाजूने काम करते. याउलट मागच्या बाजूला, दोन मणक्यांच्या आडव्या फांद्यांमध्ये ग्राफ्ट पसरला, तर अंतर मोठे, दाब नाही आणि आजूबाजूला सोलून बाजूला केलेला स्नायू. त्या जागी एकटे सिरॅमिक टाकून मणके जुळण्याची वाट पाहणे म्हणजे पेरणी न करता पिकाची आशा धरण्यासारखे आहे.

सुदैवाने आईंच्या शस्त्रक्रियेत बियाणे जागेवरच मिळते. नसांवरचा दाब काढताना मणक्याच्या मागच्या कमानीचा आणि सांध्यांचा जो भाग काढावा लागतो, तो स्नायूचे तंतू नीट साफ करून बारीक तुकडे केला, की उत्तम ग्राफ्ट असतो. तो फेकून द्यायचा नसतो. एका पातळीसाठी तो अनेकदा जेमतेम पुरतो आणि उरलेली जागा सिरॅमिकने भरता येते. यालाच ग्राफ्ट वाढवणे म्हणतात, आणि कृत्रिम पदार्थांचे सर्वांत विश्वासार्ह काम हेच आहे. जोडीला खुब्याच्या हाडातून सुईने अस्थिमज्जा काढून कणांत जिरवता येते. ती एका जागेतून थोडी थोडी, साधारण दोन मिलिलिटर काढून सुईची जागा बदलत राहावी लागते. एकाच जागेतून जास्त खेचले तर पेशींऐवजी नुसते रक्त हाती येते. आणि सर्वांत कंटाळवाणे, वेळखाऊ काम म्हणजे ग्राफ्ट ठेवायच्या जागेवरचा हाडाचा कडक थर खरवडून रक्ताळलेला पृष्ठभाग उघडणे आणि चकतीचे कूर्चायुक्त आवरण पूर्ण काढणे. रुग्णाला हे कधी दिसत नाही, बिलातही त्याची वेगळी नोंद नसते. पण शस्त्रक्रियेच्या यशापयशात महागड्या ग्राफ्टपेक्षा याचा वाटा मोठा असतो, असे माझे ठाम मत आहे.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका रुग्णाच्या मागच्या बाजूला भरपूर हायड्रॉक्सीॲपेटाइटचे कण आणि त्या मानाने थोडे हाड ठेवले होते. सहा महिन्यांचा एक्स-रे अतिशय देखणा होता. दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र, जाड पट्टे. मणके जुळले असे मी सांगितले, रुग्णही खूश झाला. दुसऱ्या वर्षी दुखणे परतले आणि एक स्क्रू तुटला. पुन्हा उघडले, तेव्हा ते पांढरे पट्टे म्हणजे पांढऱ्या दोऱ्यासारख्या ऊतीत गुंतलेली वाळू होती. हाड दोन्ही टोकांना थोडेसे शिरून थांबले होते. कण मुळातच एक्स-रेमध्ये पांढरे दिसतात. ते पहिल्या दिवशीही पांढरेच होते, हे मला तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

म्हणून कृत्रिम ग्राफ्ट वापरला असेल, तर साध्या एक्स-रेवरच्या पांढरेपणावर विश्वास ठेवू नये. वर्षभराने पातळ कापांचा सीटी स्कॅन करून हाडाच्या आतले जाळीदार तंतू एका मणक्यातून दुसऱ्यात अखंड जाताना दिसतात का ते पाहावे. कणांच्या कडा पुसट होत जाणे ही चांगली खूण, आणि त्या पहिल्या दिवशीइतक्याच रेखीव राहणे ही शंकेची. स्क्रूभोवती काळी कड दिसली, तर तो सैल होत असावा. पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन मणक्यांतला कोन पाच अंशांपेक्षा जास्त बदलू नये, आणि तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरक दिसू नये, हा नेहमीचा निकष आहे. सीटीवर हाड अर्धवट दिसत असूनही रुग्ण ठणठणीत असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी अहवालावर नव्हे, तर रुग्णावर उपचार करायचे असतात.

आईंच्या बाबतीत मला ग्राफ्टपेक्षा मधुमेहाची काळजी अधिक आहे. साखर सतत वाढलेली असेल, तर सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि हाड घडवणाऱ्या पेशी दोन्ही मंदावतात आणि संसर्गाचा धोका वाढतो; चौकट उत्तम असून उपयोग होत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी साडेसात-आठच्या वर असेल, तर पायांत कमजोरी वाढत नसल्यास आणि लघवीवरचा ताबाही जात नसल्यास, शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलून साखर आटोक्यात आणणे योग्य. डेक्सा तपासणीने हाडांचा विरळपणा पाहावा, ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढावे. हाडे फार विरळ असतील, तर हाडवाढीची औषधे आधीपासून सुरू करण्याचा विचार सर्जन करतील. घरात कोणत्याही स्वरूपात तंबाखू घेतली जात असेल, तर शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधीपासून आणि नंतर हाड जुळेपर्यंत ती पूर्ण बंद हवी. निकोटिन त्याच रक्तवाहिन्या आक्रसवते ज्या ग्राफ्टमध्ये शिरायच्या आहेत. नंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दाहविरोधी वेदनाशामके स्वतःहून मोठ्या मात्रेत घेऊ नयेत.

सर्जनना विचारायचे ते असे: ग्राफ्ट चकतीच्या जागी केजमध्ये ठेवणार की मागच्या बाजूला, की दोन्हीकडे? आईंचे निघणारे हाड त्यात मिसळणार ना, आणि ते अपुरे पडले तर काय? पदार्थ कोणता, आणि किती दिवसांत विरघळणारा? जुळले की नाही हे केव्हा आणि कशाने तपासणार? अनुभवी सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तरादाखल 'आमच्याकडे सगळ्यात नवीन उत्पादन आहे' एवढेच मिळाले, तर मी दुसरे मत घेईन. या क्षेत्रात नवे उत्पादन बाजारात येण्यासाठी अनेकदा जुन्या मान्य उत्पादनाशी साम्य दाखवणे पुरते, आणि रुग्णांवरची काटेकोर तुलना, झाली तर, मागाहून होते.

शस्त्रक्रियेनंतर ग्राफ्टच्या पाकिटावरचे लेबल कागदपत्रांत चिकटवलेले असते. त्याचे छायाचित्र काढून ठेवा आणि वर्षभराने सीटी स्कॅनला जाताना ते रेडिओलॉजिस्टना दाखवा. कोणते कण, किती विरघळणारे, हे माहीत नसलेल्या माणसाला कण कुठला आणि हाड कुठले, हे त्या पडद्यावर ओळखणे फार अवघड जाते.